संवाद सहाय्यक : किल्लारीनंतर घडलेल्या एका संस्थेचा इतिहास

स्मरणिकेत संस्थेचा इतिहास लिहायची आपल्याकडे एक ठरलेली चाल आहे. आधी कोनशिला, मग संस्थापकांचा फेट्यातला फोटो, मग देणगीदारांची यादी आणि शेवटी नियोजित इमारतीचं रेखाचित्र. ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या बाबतीत ही चाल लागू पडत नाही. तिचं मुख्य बांधकाम झालं ते दुसऱ्यांच्या घरांच्या भिंतींत. ते ज्यांनी उभं राहून करवून घेतलं त्या बायका लातूर-उस्मानाबादच्या खेड्यांत राहणाऱ्या, बहुतेक जेमतेम शिकलेल्या. देणगीदारांच्या यादीत बसतील अशा त्या नव्हत्या.

परभणी जिल्ह्यातल्या चारठाण्याच्या स्मरणिकेत परजिल्ह्यातल्या संस्थेला जागा कशाला, असं कुणी विचारील. कारणं दोन आहेत. कोविडच्या साथीनंतर गावोगाव ‘कोरोना योद्धा’ म्हणून सत्कार झाले. आशाताई, अंगणवाडीताई, सफाई कामगार, रुग्णवाहिकेचे चालक यांना शाल, श्रीफळ आणि लॅमिनेट केलेलं प्रमाणपत्र मिळालं. त्यात वाईट काही नाही. पण सत्कार उरकला की सत्कारमूर्ती पुन्हा होती त्या जागी जाते आणि मानधनासाठी तिला मोर्चा काढावा लागतो, हेही आपण पाहिलं. २०२१ च्या जूनमध्ये महाराष्ट्रातल्या आशा संपावर गेल्या आणि २०२२ च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेनं देशभरातल्या आशांचा गौरव केला. संप आणि गौरव यांच्यामध्ये वर्षभराचंही अंतर नाही. आपत्तीत सामान्य माणसानं जे केलं त्याची कदर कशी करायची, या प्रश्नाला किल्लारीच्या भूकंपानंतर एक वेगळं उत्तर मिळालं होतं. ते मराठवाड्यातच मिळालं आणि आपण ते जवळजवळ विसरलो. हे झालं पहिलं कारण. दुसरं कारण दगडाचं आहे, ते ओघात येईल.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. रात्री उशिरापर्यंत गणपतीचं विसर्जन चाललं आणि दमलेली गावं गाढ झोपली. पहाटे तीन वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. भूकंपाची तीव्रता ६.२ होती. जगाच्या हिशेबात हा फार मोठा भूकंप म्हणता येणार नाही, तरी लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतली ५२ गावं साफ झाली आणि सरकारी आकड्यांनुसार जवळजवळ आठ हजार माणसं गेली. तेव्हाच्या नकाशात हा भाग भूकंपाचा सर्वांत कमी धोका असलेल्या पट्ट्यात होता. दख्खनचा कातळ म्हणजे अढळ, अशी शास्त्राचीही समजूत होती. खरं तर १९९२ च्या ऑक्टोबरात किल्लारी परिसराला धक्के बसले होते, लोक काही रात्री बाहेर झोपलेही होते. पुढे धक्के थांबले आणि माणसं पुन्हा माळवदाखाली गेली.

माणसं मेली ती घरांमुळे. मराठवाड्यातलं जुनं घर म्हणजे दोन-अडीच फूट जाडीची दगडी भिंत. पण ही भिंत एकजीव नसते. बाहेरून एक आणि आतून एक असे दोन दगडी पदर, मध्ये चिपा आणि मातीचा भराव. दोन्ही पदरांना जोडणारा लांब दगड क्वचितच घातलेला. वर कडीपाट, त्यावर पांढऱ्या मातीचा थर, म्हणजेच माळवद. दर पावसाळ्याआधी त्यावर नवी माती पडते, त्यामुळे तीन पिढ्या राहिलेल्या घराच्या डोक्यावर टनावारी ओझं साचतं. उन्हाळ्यात हे घर थंड, हिवाळ्यात उबदार, आणि जमीन आडवी हलली की दोन्ही पदर सुटून भिंत फुगते, फुटते आणि वरची सगळी माती खाली येते. अनेकांचा जीव त्या मातीत गुदमरून गेला.

इथे दगडाचं कारण येतं. आपल्या चारठाण्यात गोकुळेश्वराचं देऊळ आहे, तो उंच कोरीव स्तंभ आहे, बारवा आहेत. त्या कारागिरांनी चुना किंवा मातीचा आधार न घेता दगडात दगड अडकवून बांधलं. खाच, कुसू, आडवा दगड, उभा दगड, प्रत्येकाला शेजाऱ्यानं धरलेलं. त्याच गावात, त्या देवळांपासून हाकेच्या अंतरावर, आपल्या आजोबा-पणजोबांनी घरं बांधली ती किल्लारीसारखीच, मातीत दगड लिंपून. दगड काळाच, फक्त तो एकमेकांना धरत नव्हता. देवळाची विद्या घरापर्यंत का पोचली नाही, याचं उत्तर जातीत, पैशात आणि कारागिरांच्या पोटापाण्यात शोधावं लागेल. तो वेगळा लेख होईल.

भूकंपानंतर मदतीचा लोंढा आला. लष्कर आलं, डॉक्टर आले, देशभरातून ट्रक आले. पण पहिले काही तास कुणीच नव्हतं. तेव्हा हातांनी, पहारींनी, घमेल्यांनी माती उपसणारे शेजारीच होते, त्यातही ज्यांचं स्वतःचं माणूस ढिगाऱ्याखाली होतं असे. कुठल्याही आपत्तीत असंच होतं. त्यांची यादी कुणी केली नाही, करणं शक्यही नव्हतं. गेलेल्यांसाठी किल्लारीत स्मृतिस्तंभ उभा राहिला आणि दर ३० सप्टेंबरला तिथे अभिवादन होतं. भारतीय जैन संघटनेच्या शांतिलाल मुथ्था यांनी भूकंपग्रस्त भागातली सुमारे बाराशे मुलं पुण्याला नेऊन शिकवली. वाघोलीचा तो प्रकल्प पुढे बराच नावारूपाला आला. म्हणजे मृतांची आठवण आणि मुलांचं भविष्य यांची काहीएक सोय झाली. प्रश्न उरला तो मागे राहिलेल्या मोठ्या माणसांचा आणि विशेषतः बायकांचा. सरकारी भाषेत ती सगळी ‘लाभार्थी’ होती.

‘स्वयं शिक्षण प्रयोग’ची सुरुवात मुंबईत, ‘स्पार्क’ या संस्थेच्या छत्राखाली झाली. १९८४ साली सुरू झालेली ‘स्पार्क’ भायखळा भागातल्या फुटपाथवर राहणाऱ्या बायकांबरोबर काम करत होती. फुटपाथवरची बाई आपल्या वस्तीची मोजणी स्वतः करू शकते, सरकारी अधिकाऱ्यासमोर तो कागद ठेवून बोलू शकते, हा धडा तिथला. प्रेमा गोपालन यांनी हा धडा खेड्याकडे नेला. एका गावच्या बाईनं दुसऱ्या गावच्या बाईकडून शिकायचं, शिक्षक बाहेरून आणायचा नाही, एवढीच त्यामागची कल्पना. नावातच ती आहे. भूकंप झाला नसता तर कदाचित हा प्रयोग कुठल्या तरी अहवालात नीटनेटका राहून गेला असता.

राज्य सरकारनं जागतिक बँकेच्या कर्जातून महाराष्ट्र आपत्कालीन भूकंप पुनर्वसन कार्यक्रम आखला. पूर्ण पडलेली ५२ गावं नव्या जागी वसवायची होती. त्याबद्दल पुष्कळ लिहून झालं आहे: रुंद रस्ते, सारख्या घरांच्या रांगा, भावकी विस्कटली, गुरांच्या वाडग्याला जागा नाही, वगैरे. पण पसारा खरा मोठा होता तो दुसऱ्या भागाचा, म्हणजे दुरुस्ती आणि मजबुतीकरणाचा. १३ जिल्ह्यांतली सुमारे २,५०० गावं आणि १ लाख ८० हजारांहून अधिक घरं. ही घरं पडली नव्हती, तडकली होती. ती घरमालकानं स्वतः, सरकारी पैशातून आणि अभियंत्याच्या सल्ल्यानं नीट करायची होती. पैसे हप्त्याहप्त्यानं थेट मालकाच्या बँक खात्यात येणार, मध्ये ठेकेदार नाही. कागदावर योजना उत्तम होती. गावात पोचली तेव्हा तिचा चिखल झाला. अभियंता तरुण, बाहेरगावचा, त्याच्याकडे डझनावारी गावं. लोकांच्या मनात दगडाची दहशत. कुणाला ‘आर.सी.सी. बँड’ म्हणजे काय ते कळेना, कुणाला दुसरा हप्ता का अडला ते. पुरुष तालुक्याच्या ठिकाणी खेटे घालत आणि घरी येऊन सांगत, ‘साहेब जागेवर नाहीत.’

सरकारनं लोकसहभागासाठी सल्लागार नेमले. पुनर्वसित गावांसाठी टाटा सामाजिक विज्ञान संस्था, आणि मजबुतीकरणासाठी ‘स्पार्क’मधला हा ‘स्वयं शिक्षण प्रयोग’. १९९४ ते १९९८ या काळात लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतल्या बाराशेहून अधिक गावांत हे काम चाललं. गावात माहिती पोचवायला आणि गावचं म्हणणं अधिकाऱ्याकडे न्यायला एक माणूस हवं होतं. ते माणूस बाई असावी आणि त्याच गावची असावी, असा संस्थेचा आग्रह होता. त्या पदाला नाव मिळालं ‘संवाद सहाय्यक’.

या आग्रहाचं मोल कळायला ते साल आठवावं लागतं. पंचायतीत स्त्रियांना एकतृतीयांश जागा देणारी ७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून अमलात आली, भूकंपाच्या पाच महिने आधी. महाराष्ट्राचं पहिलं महिला धोरण आलं १९९४ मध्ये. बहुतेक गावांतली महिला मंडळं तोवर कागदावरच होती. मराठवाड्यातल्या बाईनं चावडीसमोरून जाताना पदर पुढे ओढून मान खाली घालावी, असा तो काळ. अशा गावात एका सुनेनं वही घेऊन घरोघर फिरायचं, गवंड्याला थांबवून विचारायचं, ‘कोपऱ्यात जाळी टाकली का?’ सासूबाईंना काय वाटलं असेल आणि पारावर काय काय बोललं गेलं असेल, ते मराठवाड्यातल्या वाचकाला सांगायला नको.

संवाद सहाय्यकाचं काम नेमकं काय होतं ते जरा विस्तारानं सांगतो, कारण शौर्याच्या नेहमीच्या कथेत ते बसत नाही. तिनं आधी गावातल्या घरांची यादी करायची: कुणाचं किती नुकसान, कुणाचा हप्ता कुठे अडला. मग सभा बोलवायची. पुरुष आले नाहीत तर बायकांची, आणि बायका येतील अशा वेळी, म्हणजे शेतातून आल्यावर आणि चूल पेटायच्या आधी. अभियंत्याकडून ती शिकून घ्यायची आणि गावाच्या भाषेत सांगायची. भिंतीचे दोन पदर आरपार दगडानं बांधले तर फुगत नाहीत. चारही भिंतींवरून सळ्या आणि काँक्रीटचा सलग पट्टा फिरवला तर घर पेटीसारखं एकत्र हलतं. कोपरा हा घराचा सर्वांत कच्चा भाग, तिथे जाळी मारायची. माळवदावरची माती उतरवायची. सिमेंटच्या कामाला दिवसच्या दिवस पाणी मारायचं, नाहीतर ते नुसतं राखेसारखं राहतं. हे पाणी मारण्याचं काम बायकांच्याच वाट्याला येणार होतं, त्यामुळे त्यामागचं कारण त्यांना सांगणं फार उपयोगाचं ठरलं. विहिरीवरून डोक्यावर आणलेला हंडा भिंतीवर का ओतायचा, हे एकदा पटलं की मग गवंडी काय करतो यावर बाईची नजर राहते. वाळू मातकट आहे, सळई बारीक आहे, हे ती बोलू लागते.

संस्थेच्या इतिहासात मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते हेच. बाईला ‘आपत्तीग्रस्त’ म्हणून धान्य आणि ब्लँकेट देणं सोपं होतं. तिच्याकडे बांधकामाची देखरेख सोपवणं म्हणजे तिच्या शब्दाला गावात वजन देणं. घरात सगळ्यांत जास्त वेळ तीच असते, मग घर पक्कं झालं की नाही हे तीच का ठरवू नये, असा साधा सवाल संस्थेनं धरून ठेवला. या गौरवात हार नव्हता आणि भाषणही नव्हतं.

सगळं यशस्वी झालं असं लिहिलं तर ते स्मरणिकेला शोभेल, पण खरं होणार नाही. लोकांना दगड नकोच होता. मजबुतीकरणाच्या पैशात पुष्कळांनी जुनी भिंत तशीच सोडली आणि शेजारी विटा-सिमेंटची एक खोली बांधली. शास्त्रानं सांगितलेला उपाय स्वस्त होता, टिकाऊ होता, तरी ज्यानं दगडाखालून लेकरू काढलं त्याला तो कसा पटावा? अभियंत्यांनी याला अज्ञान म्हटलं. मला ते अज्ञान वाटत नाही. फक्त त्यातून एक चमत्कारिक गोष्ट घडली. नव्या खोलीत टीव्ही आणि पाहुणे गेले, जुन्या माळवदाखाली म्हातारी माणसं आणि धान्य राहिलं.

सरकारी कार्यक्रम संपत आला तेव्हा संस्थेपुढे खरा पेच पडला. प्रकल्प संपला की संवाद सहाय्यक हे पदही संपतं. शेकडो गावांत सभा घ्यायला, हिशेब ठेवायला, अधिकाऱ्याशी बोलायला शिकलेल्या बायका उभ्या होत्या. त्यांना ‘तुमचे आभार’ म्हणून घरी पाठवायचं का? याच सुमारास, १९९८ मध्ये, ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ ही स्वतंत्र संस्था झाली. म्हणजे कोनशिला शोधायचीच असेल तर ती या पेचात आहे. महिला मंडळांचे बचत गट झाले, गटांचे संघ झाले आणि पुढे बायकांना छोट्या धंद्यासाठी कर्ज देणारा ‘सखी समुदाय कोश’ उभा राहिला. बचत गट आज इतके सर्वसामान्य झाले आहेत की त्यात नवल वाटत नाही. पण इथे गट आधी नव्हते. आधी काम होतं आणि कामातून ओळखी जुळल्या. नुसत्या वीस रुपयांच्या वर्गणीवर जमलेल्या गटात आणि या गटात फरक पडला तो त्यामुळे.

मग २६ जानेवारी २००१. प्रजासत्ताक दिनाच्या सकाळी कच्छ हादरलं आणि वीस हजारांच्या आसपास माणसं गेली. लातूर-उस्मानाबादच्या या बायका कच्छला गेल्या. त्यांना गुजराती येत नव्हती. त्यांच्याजवळ सांगण्यासारखं होतं ते मात्र कुणाही तज्ज्ञाजवळ नव्हतं: आमचंही घर असंच गेलं, पहिलं वर्ष असं जातं, पैशाचा हप्ता इथे अडतो, नवी वसाहत लांब नेली तर पाण्याचं असं होतं, आत्ताच विचारा. भूकंपात माणूस गमावलेल्या बाईला सांत्वन करणारे पुष्कळ भेटतात. सात वर्षांनंतर काय होतं ते सांगणारी बाई भेटणं दुर्मिळ. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर संस्था तामिळनाडूच्या किनाऱ्यावर पोचली, तेव्हाही हीच रीत वापरली. कोळी बायकांना दख्खनच्या शेतकरी बायकांनी काय शिकवावं, असं वाटेल. मासे आणि समुद्र यांतलं त्यांना काही कळत नव्हतं, पण कलेक्टर कचेरी कशी चालते ते पक्कं माहीत होतं.

त्यानंतरचा इतिहास थोडक्यात सांगतो, कारण तो छापून आलेला आहे. लातूर-उस्मानाबादला २०१२ नंतर दुष्काळानं धरलं. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं, ही बातमी जगभर गेली. त्या वर्षांत संस्थेच्या बायकांनी घरच्या मालकांकडून एक एकर मागून घेतला. मालकी नव्हे, फक्त काय पेरायचं ते ठरवायचा हक्क. सोयाबीन आणि ऊस सोडून त्यात ज्वारी, डाळी, भाजी घ्यायची, खत घरचं, पाणी बेताचं. त्या एकरानं घर खात राहिलं. २०१७ साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचं इक्वेटर पारितोषिक या कामाला मिळालं. तुळजापूर तालुक्यातल्या गंधोऱ्याच्या गोदावरी डांगे याच वाटेनं पुढे आल्या. तरुणपणी वैधव्य आलेली ही बाई बचत गटातून गावोगाव फिरली, परदेशांतल्या व्यासपीठांवर बोलली, आणि तिच्या आयुष्यावर चित्रकादंबरी निघाली. प्रेमा गोपालन २०२२ मध्ये गेल्या. संस्थेचं काम चालू आहे.

एक तक्रार नोंदवून ठेवतो. संस्थेचे, सरकारचे आणि बँकेचे अहवाल चाळले तर संवाद सहाय्यक बहुतेक ठिकाणी संख्येनं भेटतात, नावानं क्वचित. एक-दोन नावं पुन्हा पुन्हा येतात, बाकीच्यांचा एक आकडा होतो. ज्या बायकांनी गावातल्या प्रत्येक घरमालकाचं नाव वहीत लिहिलं, त्यांची स्वतःची नावं शोधायला त्या गावांतच जावं लागेल. त्यांतल्या पुष्कळ जणी आज साठीच्या पुढे असतील. आपत्तीच्या इतिहासात मंत्री, जिल्हाधिकारी आणि लष्करी अधिकारी यांची नावं आपोआप टिकतात, इतरांसाठी कुणाला तरी मुद्दाम बसून लिहावं लागतं. हे काम कुठल्या विद्यापीठानं अजून हाती घेतलं नसेल तर एखाद्या ग्रामपंचायतीनं घ्यायला हरकत नाही.

आता चारठाण्याकडे येऊ. २१ मार्च २०२४ रोजी सकाळी सहाच्या सुमारास हिंगोली जिल्ह्यात भूकंप झाला, तीव्रता ४.५. त्याच वर्षी १० जुलैला पुन्हा तेवढाच. दोन्ही वेळा परभणी जिल्ह्यात भांडी वाजली, माणसं अंगणात आली. हिंगोली १९९९ पर्यंत आपल्याच जिल्ह्याचा भाग होती, तेव्हा हे काही परक्याचं दुखणं नाही. या धक्क्यांवरून भाकीत करू नये, ते कुणालाच करता येत नाही. पण जिंतूर तालुक्यात माळवदाची घरं अजून उभी आहेत. त्यांतली किती फुगली आहेत, कुठल्या भिंतीला आरपार दगड आहे, कुणाच्या माळवदावर किती माती चढली आहे, याची यादी गावातल्या गावात, बचत गटातल्या पाच-सहा जणींना चार आठवड्यांत करता येईल. ती कशी करायची हे दाखवणाऱ्या बायका एसटीनं एका दिवसाच्या अंतरावर आहेत. पुढच्या ग्रामसभेत त्यांना बोलवण्याचा ठराव ठेवता येईल. त्यांच्या येण्या-जाण्याचं भाडं आणि दोन दिवसांचा मुक्काम एवढाच खर्च आहे, आणि शाल-श्रीफळाचे पैसे त्यात धरलेले नाहीत.